त्सेनोमास्तरांच्या धुराड्यातला धूर

३ नोव्हेंबर

त्सेनोमास्तर गेले. सकाळी समोरच्या धुराड्यातून धूर दिसला नाही, तेव्हाच कळलं. आता वरच्या आळीत पेटती चूल एकच — माझी.

५ नोव्हेंबर

पुरलं. चिखलात. खड्डा खणायला पलीकडच्या गावातून माणसं आणावी लागली. पाद्रीबाबांनी भराभर उरकलं, त्यांना पुढे आणखी मयतं होती. मास्तरांची लेक रोसित्सा येऊ शकली नाही — स्पेनमध्ये कुणा म्हातारीला सांभाळते, रजा नाही. बाप इथे मेला आणि ही तिकडे परक्या म्हातारीला भरवतेय!

मास्तर शाळेत जिल्ह्याचा इतिहास-भूगोल शिकवायचे. शाळा बंद पडल्यावर कुंपणावरून मलाच शिकवायचे. "गेर्गिना, विदिनवर तुर्क आले, सर्ब आले, डॅन्यूबपलीकडून रुमानियाच्या तोफा धडाडल्या. आपलं गाव हललं नाही. आणि राजधानीला, सोफियाला जाणाऱ्या बसने बघ, एका पिढीत साफ केलं." एवढं बोलून हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

७ नोव्हेंबर

रोसित्साने तिकडून फोन करून विदिनमध्ये निधनाचे कागद छापून घेतले. पाववाल्या वेत्कोने आणून दिले. काळी चौकट, मास्तरांचा फोटो. फाटकावर लावायचे, रीतच आहे. इथे फाटकाफाटकावर उन्हाने उडालेले चेहरे आहेत.

पण एकटी राहणारी स्तांका गेली, तिच्या फाटकावर कागद लागला आणि आठवड्यात चोरांनी घर खरवडून नेलं. चूल, खिडक्या, विहिरीचा रहाटसुद्धा. त्यांना बातमी काढावी लागतच नाही, आपणच चिकटवतो!

नाही लावला. कालवलेली खळ कोंबड्यांना घातली.

८ नोव्हेंबर

रोसित्साचा फोन. "मावशी, बाबांचा कागद लावलास ना?" लावला, म्हणाले मी. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"घर जप गं. तेवढंच उरलंय मला. म्हातारपणी तिथेच येणार आहे."

२१ नोव्हेंबर

रोज त्यांची चूल पेटवते. सकाळी त्यांचा शर्ट दोरीवर, संध्याकाळी आत. वेत्कोकडून दोन पाव घेते. दुसरा कुणासाठी, ते त्यालाही कळत असेल. मास्तरांना अजून नीट मरूही दिलं नाही मी. पाप लागणार मला.

काल एक अनोळखी गाडी आळीतून सावकाश गेली. समोर थांबली, धूर बघितला, निघून गेली.

११ डिसेंबर

उद्या मास्तरांचा चाळिसावा दिवस. गहू शिजत ठेवलाय, वाइनची बाटली काढलीय. कबरीवर जाऊन मास्तरांची माफी मागणार. कागद मात्र नाही लावणार.

१२ डिसेंबर

त्यांच्या चुलीत लाकडं सारत होते आणि गाडीचा आवाज आला. चोर! फावडं उचललं. फाटक धाडकन उघडलं, अंगणातून कुणीतरी धावत आलं — "बाबा! बाबा!"

दारात रोसित्सा. चाळिसाव्यासाठी न कळवता आलेली. तिने धूर बघितला होता, शर्ट बघितला होता, कोरं फाटक बघितलं होतं. हसत होती. खोलीभर बापाला शोधून झालं, मग तिची नजर माझ्यावर आली. हातातलं फावडं खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.