यहुद्यांचे तज्ज्ञ आणि थळकरांचं स्थळ

बरकतपुरा, हैदराबाद

तीर्थरूप दादांना मालतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक, आमचे श्रीनिवासराव सोडून. (ते ठीक कधी होते म्हणा! व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर डोकावून वाचतात, म्हणून हे टपालानं.)

दादा, या माणसानं तीस वर्षं विद्यापीठात यहुदी अभ्यास शिकवला. कोकणातल्या यहुद्यांवर हा जाडजूड ग्रंथ लिहिला, तोही कोकणात पाऊल न टाकता (दमट हवा सोसत नाही). मराठी यहुदी भेटला तर उराशी धरीन, असं भाषणात सांगतात आणि डोळे पुसतात. तर आपल्या शिल्पानं तिच्या ऑफिसातला सुमित थळकर पसंत केला. अलिबागकडचा. गावाच्या नावाला 'कर' लावून आडनावं घ्यायची यहुद्यांची रीत, यावर यांचं अख्खं प्रकरण आहे, पण ट्यूब काही पेटली नाही! त्याच्या घरच्यांना शनिवारी जेवायला बोलावलं, तर म्हणाले, आम्ही शनिवार पाळतो. हे खूश, मारुतीचे भक्त असणार! रविवारी आले. कोकणातली माणसं म्हणून आमच्या शाकाहारी घरात यांनी बाहेरून कोलंबीची बिर्याणी मागवली. पाहुण्यांनी शिवलीसुद्धा नाही. हे स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात, "घराणं कडक आहे हो!" पत्रिका नाही म्हणाले, तर पुरोगामी ठरवलं. निघताना सुमितच्या आईनं सहज सांगितलं, आम्ही बेने इस्राएल. म्हणजे मराठी यहुदीच की हो, दादा! शनिवार त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस आणि कोलंबी त्यांना निषिद्ध, हे यांच्याच ग्रंथात छापलंय!

उराशी धरणं राहिलं बाजूला, हे मटकन खुर्चीत बसले. तेव्हापासून नक्को म्हणजे नक्को. अभ्यास वेगळा, मुलगी वेगळी म्हणे! जळलं मेलं ते पांडित्य! पोरगी जेवत नाही, खामखा परेशान. मुलगा सोन्यासारखा, मराठी तर आपल्यापेक्षा छान बोलतो. यांना तुम्हीच झापा आणि हो म्हणायला लावा. तुमचा शब्द हे मोडत नाहीत.

तुमची,
मालू

ता. क. हे सगळं शिल्पाला वाचून दाखवलं. गळ्यातच पडली माझ्या.

आणखी एक ता. क. हे तिला वाचून दाखवलेलं नाही. (पोरगी मराठी बोलते फाडफाड, वाचता येत नाही. आणि त्या यहुद्याला कुठून येणार?) दादा, तुम्ही नाहीच म्हणा. नातवाची मुंज होणार नाही या विचारानं पोटात तुटतं माझ्या. पण पोरीपुढे वाईट मी कशी होऊ? तुम्ही लांब आहात, तुम्हाला सोपं.

मामा, नमस्कार. काकूंनी हे पत्र चिकटवून टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. मी अलिबागच्या मराठी शाळेत शिकलो. शिल्पाला खालचंही वाचून दाखवलंय. आता नाही म्हणायचं असेल, तर तिलाच फोन करून म्हणा.
— सुमित