वाळवी मेले की मेली

मंगळवार, ४

संपादकसाहेबांचा नवा फतवा! नदीपलीकडच्या लोकांना यापुढे 'पलीकडचे' म्हणायचं नाही. 'शत्रू'ही नाही. 'वाळवी' म्हणायचं! "रागाचं काय, तो निवतो हो बाई. किळस निवत नाही." हे चहात बिस्किट बुडवत!

माझी ताई पलीकडे दिलेली, वीस वर्षं झाली. साहेबांना ठाऊक आहे. तरी वर — "तुमच्या ताईंबद्दल कोण बोलतंय?" प्रूफं तपासणाऱ्यांनी काना-मात्रा बघाव्यात, म्हणे. बघते.

बुधवार, ५

'वाळवी आले', 'वाळवी पळाले' — डोक्याला ताप नुसता! शब्द स्त्रीलिंगी, क्रियापद पुल्लिंगी. द्वेष करायचा तो निदान शुद्ध तरी करा! वेळ कमी, सगळं तसंच छापलं गेलं.

शुक्रवार, ७

ताईचा फोन लागला! दोनच मिनिटं. "हॅलो, वाळवी बोलतेय!" स्वतःच खिदळली. मला रडू आवरेना. पूल उघडला की पहिल्याच दिवशी निघते म्हणाली. मग हळूच, "पण काय गं, तू असताना 'वाळवी आले' कसं छापतात?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार, ८

सकाळी पेपर उघडता उघडता हे म्हणाले, "आज किती वाळवी?" अशी भडकले की चहा तसाच टाकून गेले बिचारे. भांडी घासताना लक्षात आलं — मी 'वाळवी'वर भडकलेच नव्हते. 'किती'वर भडकले होते. वाळवी कधी मोजतात का!

चार दिवसांत ही गत. माझीच मला चीड आली.

सोमवार, १०

बातमी आली : 'पुलाजवळ गोळीबार, पाच वाळवी मेले.' किती वेळा सांगायचं या लोकांना! 'पाच' खोडलं. 'मेले'चं 'मेली' केलं. 'पुलाजवळ गोळीबार, वाळवी मेली.'

साहेब खूश. "बघा, कसं सुटसुटीत झालं!" खरं सांगते, मलाही बरं वाटलं. आठवड्यातलं पहिलं शुद्ध वाक्य. ताई आता नावं ठेवणार नाही.

बुधवार, १२

भाऊजींचा निरोप आला. पूल उघडल्याची आवई उठली, म्हणून ताई निघाली होती. त्या पाचांत ती होती.

मेली. स्त्रीलिंगी, एकवचनी. चूक एकही नाही.