कॅमेऱ्याने धरलेला दात

तीर्थस्वरूप मावशीस,

वाकून नमस्कार. तुझा डावा गुडघा काय म्हणतो? मागच्या फोनवर तू "बरी आहे रे" म्हणालीस, पण ते तू अंगात ताप असतानाही म्हणतेस, तेव्हा त्यावर माझा विश्वास नाही. जिन्याला कठडा बसवून घेतलास का? इकडे आम्ही सगळे ठीक. हीसुद्धा ठीक आहे (चार दिवस माझ्याशी बोलत नाहीये, पण प्रकृतीने ठीक आहे; कारण पुढे येईलच). आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात, म्हणजे तू ज्याला कारखाना म्हणतेस त्या तीन खोल्यांत, काम भरपूर आहे. लोकांचे दात पडायचे काही थांबलेले नाहीत, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे.

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी गंभीर असणार, हे तू ओळखलं असशीलच. फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मग माझा मुद्दा राहून जातो. मुद्दा असा की मी नवा कॅमेरा घ्यावा की नाही, हे ठरत नाहीये. अख्खा कॅमेरा नव्हे, नुसती बॉडी. लेन्स काढून घेतली की मागे जो काळा ठोकळा उरतो त्याला बॉडी म्हणतात. माझा ठोकळा सगळ्यात खालच्या पायरीवरचा, शिकाऊ लोकांसाठी बनवलेला. हिचं म्हणणं, शिकाऊ कॅमेऱ्याला सहा वर्षं झाली, एव्हाना तो शिकला असेल, तुमचं काय? यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण मी ते दिलं नाही, कारण तेव्हा ती माझ्या ताटात भात वाढत होती.

आता तुझ्या पंचाहत्तरीच्या फोटोचा विषय मी काढणार नव्हतो, पण तो काढल्याशिवाय बॉडीचं घोडं पुढे सरकत नाही. तो फोटो बिघडला. चौकट आधीच आणून ठेवली होती, भिंतीवर खिळाही ठोकून झाला होता, आणि फोटो मोठा करून बघतो तर तुझे डोळे धुक्यात हरवलेले. खोलीभर माणसं माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, तेव्हा मी म्हणालो, मावशी हलली. (रागाने म्हणालो नव्हतो, नुसती माहिती म्हणून.) दुसरा काढला, तोही तसाच. तेव्हा मी म्हणालो, मावशी पुन्हा हलली. आता ताई मला सांगते की तेव्हापासून तू आरशासमोर उभी राहून आपली मान थरथरते का ते बघतेस, आणि कोणी फोटोला उभी राहा म्हटलं की सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायच्या निमित्ताने बाजूला होतेस. नातीच्या शाळेतल्या फोटोत म्हणे सगळे आहेत आणि कडेला पिशवी धरलेला फक्त तुझा हात आला आहे. ताई म्हणाली, "आई म्हणते, माझी मान आता राहत नाही, उगाच सगळ्यांचा फोटो खराब होतो." हे ऐकल्यापासून मला चैन नाही. तुझी लेक असून ती हे मला रडत सांगत होती, आणि मी मेल्यासारखा नुसता "हं, हं" करत होतो. म्हणूनच नवी बॉडी. ती म्हणे माणसाचा डोळा एकदा पकडला की सोडत नाही, माणूस हलो की नाचो. तुझी मान खुशाल थरथरू दे, तुझा फोटो मी काढणारच.

बरं, बिघाड फक्त तुझ्याच फोटोत आहे असंही नाही. आमच्या कॅमेरा मंडळात दर शनिवारी आपापले फोटो भिंतीवर दाखवतात. तिथे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे नऊ लेन्सा आहेत म्हणून आम्ही त्यांना लेन्सकाका म्हणतो. माझे फोटो लागले की लेन्सकाका चष्मा पुसतात आणि म्हणतात, "याच्या फोटोत माणसाचे दात तेवढे दिसतात हो, बाकी माणूस घरी राहतो." मंडळात माझ्या फोटोंना दंतकथा असं नाव पडलं आहे. मी हसून घालवतो, पण मावशी, लागतं मनाला. सव्वीस वर्षं मी लोकांच्या तोंडात हसू बसवत आलो आणि माझ्याच फोटोंना लोकांनी हसावं? मला तर संशय येऊ लागला होता की हा ठोकळा माझ्यावर दात धरून आहे. मी लेन्सकाकांना तसं स्पष्ट सांगितलं की दोष बॉडीचा आहे. त्यांनी मान डोलावली आणि मोठ्या मनाने आपली नवी बॉडी मला चार दिवस वापरायला दिली, हे बघून घे म्हणाले. (देताना त्यांनी ती बाळंतिणीने तान्हं पोर द्यावं तशी माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. घरी येईपर्यंत मी रस्ता ओलांडायला घाबरत होतो.)

पहिल्या दिवशी ती कारखान्यात नेली. समोर प्लास्टरचे जबडे मांडलेले. तिने डोळे शोधायला सुरुवात केली. जबड्याला डोळे कुठून असणार? ती बिचारी पुढे मागे घुर्र घुर्र करत राहिली आणि शेवटी मागच्या भिंतीवरच्या तसबिरीत आमच्या मालकांचे वडील सापडले, त्यांच्या डोळ्यांवर स्थिरावली. एका दंतवैद्यांना कवळी तयार झाल्याचा फोटो गेला त्यात कवळी पुसट आणि मालकांचे वडील लखलखीत. त्यांनी उलट कळवलं की हे पेशंट आमचे नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि पडद्यावरची सगळी अक्षरं भलत्याच लिपीत आली. त्यातून परत कसं यायचं हे चारशे पानांच्या पुस्तकात दिलं होतं, पण कुठल्या पानावर ते दिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी हिचा फोटो काढला. डोळे काय आले म्हणून सांगू, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. दुर्दैवाने डोळ्यांभोवतीचंही सगळं तितकंच आलं. मी कौतुकाने फोटो मोठा करत गेलो आणि म्हणालो, बघ, काहीही लपत नाही. ही उठली आणि आत जाऊन कांदा चिरू लागली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. घरात कांदा उरला नाही तरी तिचं चिरणं थांबेना.

तेव्हा आता एका बाजूला ही, लेन्सकाकांचं चारशे पानांचं पुस्तक आणि माझी ऐपत, आणि दुसऱ्या बाजूला तू. दुकानदार म्हणतो, जुनी बॉडी देऊन नवी न्या, पण या आठवड्यातच. उद्या जाऊन सोक्षमोक्ष लावतो. तुझा विचार कळव, म्हणजे तो माझ्या विचाराशी जुळत असेल तर. तू खुर्चीत बसायला हो म्हणालीस तर मी डोळे मिटून नवी घेईन. आणि त्या दिवशी तू हललीस हे मी पुन्हा काढणार नाही, वय झालं की माणूस थोडाफार हलायचाच.

तूर्त एवढं पुरे. गुडघ्याला जप, ताईला नमस्कार, आणि माझ्यावरचा लोभ जसा आहे तसा ठेव.

तुझा भाचा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत दुकानात जाऊन आलो, त्यामुळे वरचं थोडं बदललं आहे. जुनी बॉडी परत घेण्याआधी ते ती तपासतात. दुरुस्तीच्या खिडकीत एक बाई बसतात, कपाळावर चष्मा, हातात बारीक पेचकस. त्यांनी माझ्याच कॅमेऱ्याने माझा फोटो काढला, बघितला आणि विचारलं, "तुम्ही कसले फोटो काढता?" मी म्हणालो, कवळ्यांचे. त्या म्हणाल्या, "तरीच." मग त्यांनी मला डोळा लावून बघायला सांगितलं. आत एक लाल ठिपका असतो, कॅमेरा जिथे नेम धरतो तिथे तो लागतो. माझा ठिपका अगदी तळाशी होता. सहा वर्षांपूर्वी मीच तो तिथे अडकवला होता, मावशी. कारखान्यातल्या फोटोत वर डॉक्टरांची चिठ्ठी असते आणि खाली कवळी, आणि चिठ्ठी स्पष्ट नि कवळी पुसट येते अशी तक्रार होती. म्हणून पुस्तक वाचून मी नेम खाली आणला, मालकांकडून शाबासकी घेतली आणि विसरून गेलो. तेव्हापासून समोर कवळी असो की माणूस, माझा कॅमेरा इमानेइतबारे दातांवर नेम धरतो आहे. बाईंनी अंगठ्याने एक चकती फिरवली आणि ठिपका वर नेला. अर्धं मिनिटही लागलं नाही. नव्या बॉडीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "ही चांगली आहे की, हिने तुमचं सगळं ऐकलं."

ता. क. २ रा. घरी येऊन तुझे ते दोन्ही फोटो पुन्हा उघडून बघितले. पुसून टाकले नव्हते. तुझे दात त्यात इतके स्वच्छ आले आहेत की वरच्या उजव्या सुळ्याला मी कानशीने जरा जास्त घासलं होतं, तेही दिसतं (ती कवळी मीच केलेली, त्यामुळे मला लपत नाही). तू हलली असतीस तर दातही हलले असते. ते तुझ्याच तोंडात होते. सव्वीस वर्षं दातांत घालवलेल्या माणसाला एवढं कळू नये, आणि त्याने भरल्या घरात दोनदा मावशी हलली म्हणून सांगावं. तू हलली नव्हतीस, मावशी. ज्या मानेकडे तू रोज आरशात बघतेस, ती त्या दिवशी दगडासारखी स्थिर होती. माझं चुकलं.

ता. क. ३ रा. रविवारी येतोय. त्या दिवशी जितकी माणसं होती तितक्यांना ताईने बोलवावं, म्हणजे त्यांच्या देखत मला हे सांगता येईल. हिला वरचं सगळं वाचून दाखवलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, येते, पण फोटो मी काढणार. तुम्ही मावशींच्या शेजारी उभं राहायचं, आणि हलायचं नाही.