पंधरा दिवसांनी दुसरी स्लाइड

बाबा, मला तुमचा राग आला आहे. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसावर रागावू नये असं आई म्हणायची. पण गेले आठ दिवस मी लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर वाकते आणि डोळा लावण्याआधी मनात तुमच्याशी भांडते. आज शुक्रवार, क्लिनिक बंद आहे. खिडकीतून ओमानमधल्या या रुस्ताक गावाच्या बाजाराची मागची बाजू दिसते, दुकानांची शटरं खाली आहेत. हे एकदा लिहून काढावं, म्हणजे निदान भांडणाची सुरुवात कुठे झाली ते तरी कळेल.

सुरुवात तुमच्या खोलीत झाली. आरोग्य केंद्राच्या मागच्या अंगाची ती लॅबची खोली, खिडकीखाली सिमेंटचा ओटा आणि ओट्यावर तुमचा मायक्रोस्कोप. मी अकरावीत होते. आश्रमशाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंची वर्षाची शौचाची तपासणी होती. तुम्ही मला जवळ बोलावून दाखवलंत: पातळ कवचाचं, आत चार गोळे असलेलं अंकुशकृमीचं अंडं. किती सुंदर दिसतं, असं मी म्हणाले होते. मग तुम्ही रजिस्टर ओढलंत आणि त्या बाईंच्या नावासमोर लिहिलंत, काही आढळलं नाही.

"बाबा, पण दिसलं ना आत्ता."

"दिसलं. म्हणून तर गोळी देतो तिले."

"मग खोटं कशाला लिहिलं?"

"पोरी, हा जंत मातीतून पायात शिरते. तिच्या हातच्या भाकरीतून कोणाले होत नाही. पण त्या शाळेच्या साहेबाले हे समजावून कोण सांगन? तो नुसतं 'जंत' वाचन आन् तिले काढून टाकन." मग खिशातून गोळीची पट्टी काढत म्हणालात, "जंत गोळीनं मरते. कागद नाही मरत."

माझ्यासाठी तुम्ही त्या दिवशी फार मोठे झालात. पुढे लॅबचं डी.एम.एल.टी. केलं, नोकऱ्या केल्या, इथे आले, आणि प्रत्येक ठिकाणी मनात हे वाक्य घेऊन गेले. बाकी सगळी मुलं बापाचं घड्याळ जपून ठेवतात, मी हे वाक्य ठेवलं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. इथून अर्ध्या तासावर एका बांधकामाचा कॅम्प आहे. तिथल्या मेसचं कंत्राट एका कंपनीकडे, आणि मेसमध्ये काम करणाऱ्यांची वर्षाची तपासणी आमच्या क्लिनिककडे. कंपनीचा एक छापील फॉर्म आहे. त्यात एकच चौकट: परजीवी आढळले, नाही आढळले. आढळले तर माणूस स्वयंपाकघरात चालत नाही, आणि व्हिसा स्वयंपाक्याचा असल्यामुळे मग ओमानमध्येही चालत नाही. माणसांना आणणारा-नेणारा कंपनीचा कोऑर्डिनेटर रत्नागिरीकडचा. त्याने पहिल्याच वर्षी मला सांगून ठेवलं होतं, "मॅडम, तुमी टिक केलात का खलास. तिकीट काढायचा काम माझा, आणि त्याच्या बायकोचा फोन घ्यायचा कामपन माझाच." हसत बोलला होता, पण त्याचं तोंड हसण्याचं नव्हतं.

त्या वर्षी थायलंडच्या ईशान्येकडचा एक स्वयंपाकी आला. चाळिशीचा, हसरा, कॅम्पमध्ये शिकलेली तुटकी हिंदी बोलणारा. सुई टोचून घेताना मला म्हणाला, "मॅडम गाव में चावल?" मी म्हटलं, हो, धान आणि तलाव. तो खूश झाला. त्याच्याकडेही धानाची खाचरं, आणि खाचरांत बोटाएवढे मासे. त्याने हातानेच करून दाखवलं, मासा बारीक चिरायचा, लिंबू पिळायचं, मिरची घालायची, चार माणसं गोल बसायचं आणि खायचं. चूल कुठे आलीच नाही. मी विचारलं, शिजवत नाही? "लिंबू पकाता," तो म्हणाला. मलाही ते पटल्यासारखं झालं, कारण लिंबाने मासा पांढरा पडतो हे आपल्या घरीही पाहिलेलं.

त्याच्या स्लाइडवर मला एक अंडं दिसलं. फार लहान, पिवळट, वर झाकण असलेल्या इवल्याशा बरणीसारखं. असं मी पुस्तकात पाहिलं होतं, काचेवर कधीच नाही. पुस्तकात लिहिलेलं मला अर्धवट आठवत होतं: यकृतातला चपटा कृमी, गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशातून येणारा, पित्तनलिकेत वर्षानुवर्षं राहणारा. एवढंही आठवलं की हा एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. अंडं पाण्यात जावं लागतं, गोगलगाईत, मग माशात. रुस्ताकच्या कॅम्पमध्ये यातलं काहीच नाही. म्हणजे तो कुणालाच धोका नव्हता. मग तुम्ही जे केलं असतं तेच मी केलं. "नाही आढळले" वर टिक केली आणि ड्रॉवरमधली जंताची गोळी त्याच्या हातावर ठेवली. आपली नेहमीची, शाळेत मुलांना देतात ती. त्याने हात जोडले. मी घरी जाताना गाडीत गाणं म्हणत होते, हे मला स्पष्ट आठवतं.

बाबा, त्या कृमीला ती गोळी पुरत नाही. त्याचं औषध वेगळं आहे, तेही एका दिवसाचं, फार महाग नाही, दुर्मीळ नाही. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी लिहून दिलं असतं. पण विचारलं असतं तर ते कागदावर आलं असतं.

या हिवाळ्यात तो पिवळा पडला. आधी महिनाभर अंग खाजत होतं, मेसमधल्या लोकांनी मलम दिलं. मग डोळे पिवळे झाले. मस्कतला नेल्यावर कळलं, पित्तनलिकेचा कॅन्सर, पसरलेला. त्याला घरी पाठवलं, आणि गेल्या महिन्यात कोऑर्डिनेटर दुसऱ्याच कुणाचे रिपोर्ट घ्यायला आला असताना उभ्याउभ्या म्हणाला, "तो आपला थाई कुक होता ना मॅडम, गेला तो. त्याचा मोठा भाव पन असाच गेलेला म्हने."

मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. माणूस भला आहे, केरळचा, कुणाला दुखवत नाही. माझी टिक सोडून बाकी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बचपन से होगा उसको, मॅडम. तीस साल का कीड़ा. छह साल पहले पता चलता, तो भी शायद यही होता." मग खांदे उडवून म्हणाले, "ये लोग कच्चा खाते हैं, क्या करें." या "शायद"चा मला राग येतो. तो खोटा नाही, म्हणून जास्त येतो. मला त्यात बसून राहता येईल, जन्मभर, आरामात. आणि "ये लोग" चा राग येतो. आपण काय खातो यावरून शाळेत माझ्या डब्याकडे कसं बघायचे, ते मी विसरलेले नाही. त्या खाचरांत साऱ्या गावाचा मैला कोण सोडू देतं, पावसात तो वाहून कुठे जातो, हे कुणी विचारत नाही. माशाला आणि खाणाऱ्याला तेवढं बोलायचं. आणि त्या फॉर्मचा राग येतो, ज्याला धोका असलेला आणि नसलेला माणूस सारखाच. खरं लिहिलं की नोकरी जाते, खोटं लिहिलं की औषध जातं, अशी चौकट ज्याने आखली त्याला कधी कुणाच्या हातावर गोळी ठेवावी लागली नसेल.

गेल्या बुधवारी त्या स्वयंपाक्याचा धाकटा भाऊ तपासणीला आला. तोही त्याच मेसमध्ये भाज्या चिरतो. पहिल्या स्लाइडवर काही नव्हतं. दुसरी लावली, नमुना यंत्रात फिरवून खाली बसलेला गाळ घेऊन, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. तिच्यावर तीच बरणी, झाकणासकट. या वेळी मी "आढळले" वर टिक केली आणि चौकटीच्या खाली, जिथे लिहायला जागा नाही तिथे, लिहिलं की हा कृमी अन्नातून पसरत नाही, माणूस स्वयंपाकघरात चालतो, औषध अमुक, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी. डॉक्टरांनी बराच वेळ पेन हातात धरलं, मग सही केली. कोऑर्डिनेटरने कागद पाहिला आणि मला म्हणाला, "मॅडम, एवढा वाचनार कोन? ते चौकटच बघतात."

"तू वाचून दाखव."

"माझा ऐकतील?"

"नाही ऐकले तर मला फोन लावून दे."

"बघतो. इन्शाल्ला," तो म्हणाला. अजून उत्तर आलेलं नाही. भावाला गोळ्या मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळाल्या, त्या त्याने माझ्यासमोर घेतल्या.

"पंधरा दिवसांनी पुन्हा" हे लिहिताना माझा हात थांबला, बाबा. कारण तेव्हा मला त्या स्वयंपाकीणबाई दुसऱ्यांदा दिसल्या. पंधरा दिवसांनी, त्याच ओट्यापाशी, पदराखाली डबी धरून. तुम्ही त्यांना परत बोलावलं होतंत. दुसरी स्लाइड लावलीत, पूर्ण काच या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलीत, मग तिसरी. मला घाई झाली होती, मी म्हणाले, एकीवर नाही ना, झालं मग. त्यावर तुम्ही माझ्यावर ओरडलात, आयुष्यात एकदाच असेल. "एक काच पाहून माणूस मोकळा करतं का कोणी? खोटं मी लिहिलं, तं खरं पाहणं बी माझ्याच अंगावर आलं." हे मी विसरले होते. गोळी लक्षात ठेवली, कागदाचं वाक्य लक्षात ठेवलं, आणि ज्याच्यामुळे ते खोटं तुम्हाला झेपत होतं तेवढंच गाळलं. तरीही माझा राग पूर्ण जात नाही. अकरावीतल्या मुलीला खोटं लिहिताना दाखवलंत, हे मी माफ केलेलं नाही. पण भांडण जिथून सुरू झालं असं वाटत होतं, तिथून ते सुरू होत नाही.

त्या थाई स्वयंपाक्याला मी पुन्हा बोलावलं नाही. विसरले म्हणून नाही. तो पुढची पाच वर्षं तपासणीला येत राहिला आणि दर वर्षी मी एकच स्लाइड लावली, गाळाची नाही, नमुन्याच्या वरच्या पाण्याची, जिच्यावर काही दिसणार नाही हे मला ठाऊक होतं.

बुधवारी गोळ्या घेतल्यावर भाऊ उठला नाही. कागदी ग्लास हातात दाबत बसून राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मेरा भाई भी इधर चेक होता था. हर साल. उसका में ये था?" आवाजात आरोप नव्हता, तो खरंच विचारत होता. मी म्हटलं, "रजिस्टर देखना पड़ेगा."

रजिस्टर माझ्या कोपराखाली उघडं होतं. तो मान हलवून गेला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा येईल, मीच बोलावलं आहे. त्याला जे सांगायचं ते मी तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही विचारणार नाही.