पिकअपच्या दारावरचा पांढरा ठिपका

अण्णा,

ती पांढरी पिकअप मोडली. जुनी झाली म्हणून नाही आणि अपघातातही नाही. मुद्दाम मोडली, माणसं जमवून, खुर्च्या मांडून, खजूर आणि कहवा वाटून. आणि ती मोडता यावी म्हणून सहा आठवडे मीच तिला तयार करत होतो, हे तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्ही असता तर सांगायची छाती झाली नसती. राग आला की तुम्ही अर्ध्या ताटावरून उठायचात, आणि मग दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज. तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं झाली, तेव्हा मध्येच उठून जाल ही भीती तरी नाही.

तुम्ही आणि आई दोन महिने आमच्याकडे इथे आखातात राहायला आला होतात. आईला अल सद्दमध्ये तिसऱ्याच दिवशी नाशिकच्या दोन बायका भेटल्या आणि तिचं बस्तान बसलं. तुम्ही मात्र बाल्कनीत उभे राहून खालून जाणाऱ्या गाड्या ऐकायचात, आणि मी कामावरून आलो की कुणाचा बेल्ट गेलाय, कुणाचं बेअरिंग, ते मला सांगायचात. शेवटी मी तुम्हाला आमच्या वर्कशॉपवर घेऊन गेलो. सनैया म्हणतात त्या भागाला, सगळी गॅरेजं तिथेच. तिथे ही पिकअप उभी होती, सुटे भाग आणायला वापरायचो ती. तिचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार लोंबलेलं, वर उचलून आपटल्याशिवाय लागायचंच नाही. आम्हा सगळ्यांना त्याची सवय झालेली. मी तर नवीन दार मागवा असं मालकांना सांगूनही टाकलं होतं. तुम्ही तुपाचा रिकामा डबा मागितलात, त्याचा पत्रा कापून चकत्या केल्यात, दाराखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लावलात, आणि तीन दुपारी त्या दोन बिजागऱ्यांशी खेळत बसलात. तिसऱ्या दुपारी मला हाक मारून म्हणालात, "एका बोटाने लाव." मी लावलं. नुसतं खट्. मालकांनी ते दार पाच-सहा वेळा उघडून लावून बघितलं, तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच्या हाताने तुम्हाला कहवा ओतून दिला. मग तुम्ही खिशातून काडेपेटी काढलीत, काडीचं टोक पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये बुडवलंत आणि वरच्या बिजागरीवर एक ठिपका ठेवलात.

त्या ठिपक्याची शिकवण मला नाशिकलाच, तुमच्या गॅरेजात मिळालेली. नट पुरता आवळला, हाताने पारखला, की त्यावर ठिपका. ठिपका नाही तर काम झालेलं नाही, मग ते कुणी का केलेलं असेना. मी कॉलेजात होतो तेव्हा एकदा शहाणपणा केला होता. पाचही नटांना आधी ठिपके देऊन टाकले, आवळू सावकाश म्हणून. तुम्ही ते बघितलंत. गिऱ्हाईक समोर उभं असताना मला अंगातला शर्ट काढायला लावलात, रॉकेलमध्ये बुडवून त्याच शर्टाने पाचही ठिपके पुसायला लावलेत, आणि म्हणालात, "हा ठिपका बघून माणूस बायकापोरांना गाडीत बसवतो. खोटा द्यायचा असेल तर उद्यापासून येऊ नको." इथे फोरमन झालो तेव्हा मी हीच पद्धत लावली. आमच्या वर्कशॉपमध्ये माझा ठिपका पडला की पुढे कुणी तपासत नाही.

तर मालकांचा धाकटा मुलगा अमेरिकेत शिकून आला. तिथे त्याने एक खेळ पाहिला होता. मैदानात दहा-बारा गाड्या सोडायच्या, त्यांनी एकमेकींना धडका द्यायच्या, आणि शेवटी जी एकटी हलत राहील ती जिंकली. डिमॉलिशन डर्बी म्हणतात त्याला. अल खोरच्या पुढे त्याच्या मित्राची शेतजमीन आहे, तिथे मित्रामित्रांत हा खेळ करायचा ठरला. त्याला आपली पिकअप हवी होती, चासी दणकट म्हणून. होईल का, असं मला विचारलं. नाही म्हणायला जीभ होती की. मी म्हणालो, होईल.

अण्णा, हे काम कसं असतं ते ऐका. सगळ्या काचा काढायच्या. डॅशबोर्ड आणि गाद्या उपटायच्या, सीटमागे लोखंडी पाइपाची कमान वेल्ड करायची. पेट्रोलची टाकी खालून काढून मागच्या हौद्यात एक छोटी टाकी पट्ट्यांनी बांधायची. बॅटरी सीटशेजारी आणायची. बॉनेट साखळीने जखडायचं आणि त्याला मधोमध भोक पाडायचं, आग लागली तर तिथून विझवता यावी म्हणून. डिफरन्शियलचे गिअर एकमेकांना वेल्ड करून टाकायचे, म्हणजे मागची दोन्ही चाकं कायम एकदम फिरतात आणि साध्या वळणावरही टायर किंचाळतात. तुम्ही डिफरन्शियल उघडलं की आधी हात धुवायचात. मी त्यात वेल्डिंग करवून घेतलं. आणि एवढं सगळं करून इंजिन मात्र अगदी सुरात लावायचं. याचीच मला सगळ्यात शिसारी आली. बकरा कापायच्या आधी त्याला न्हाऊ घालून कुंकू लावतात, तसलाच प्रकार. मुलाच्या मित्रांनी येऊन बॉनेटवर दात रंगवले. मी त्याचा फोटो घरी दाखवला तर तुमची नात म्हणाली, "बाबा, दॅट्स सो कूल." मी चिडलो. तेव्हा तुमची सून शांतपणे म्हणाली, "चिडता कशाला? केलंय तुम्हीच ना?"

नियम असा, की दारं चारी बाजूंनी वेल्ड करून बंद करायची आणि खिडकीतून आत उतरायचं. आमचा वेल्डर बिहारचा, पन्नाशीचा माणूस, अकरा वर्षं माझ्याबरोबर आहे, नजमा भागात सहा जणांच्या खोलीत राहतो. त्याने डावीकडचं, म्हणजे इथे ड्रायव्हरच्या बाजूचं, तुमचं दार सोडून आधी पलीकडचं पूर्ण शिवून टाकलं. मग तो या दाराकडे आला आणि मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, इथे चारच टाके मार. मला ते दार नंतर सुटं करून घरी न्यायचं होतं, बिजागऱ्यांसकट, तुपाच्या डब्याच्या चकत्यांसकट. त्याने चेहऱ्यावरचं झाकण वर केलं.

"उस्ताद, चार टाके में खुल जाएगा. अंदर लड़का बैठेगा."

मी म्हणालो, नाही उघडत, वरून एक पट्टी लाव म्हणजे दिसायला बरं. त्याने पट्टी लावली. पट्टीवर रंग मारला. आणि मी काडी बुडवून तुमच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या ठिपक्याशेजारी माझा ठिपका ठेवला. 

शुक्रवारी दुपारी, नमाजानंतर खेळ सुरू झाला. मी कुंपणाशी उभा आहे. रेडिएटरच्या उकळत्या पाण्याचा आणि जळलेल्या क्लचचा वास नाकात भरलाय, चालती धडधाकट गाडी चालत्या गाडीत घुसतेय आणि जो तो मोबाईल वर धरून हसतोय. मला वाटतंय, एखादा स्पार्क प्लग पुसून परत वापरणाऱ्या माणसाचा मी मुलगा, इथे काय करतोय. आपली पिकअप शेवटच्या चारांत आहे. एक जीप तिला डाव्या बाजूने मागून ठोकते, आणि चारही टाके एकामागून एक सुटतात. दार सताड उघडतं. आत बसलेला मालकांचा पोरगा ते ओढून घ्यायला हात बाहेर काढतो, तेवढ्यात समोरून दुसरी गाडी येते. दार लागलं तेव्हा मध्ये त्याचा हात होता.

दोन ठिकाणी मोडला. डोकं बाहेर असतं तर मी हे पत्र लिहू शकलो नसतो. हॉस्पिटलमधून आल्यावर मालकांनी आवाज न चढवता एवढंच विचारलं, दार कुणी वेल्ड केलं. वेल्डर पुढे झाला आणि खाली मान घालून म्हणाला, "गलती हो गया, सर." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला सामान जमा करून खोलीवर बसायला सांगितलं, गावी पाठवायचं की काय ते बघू म्हणाले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते माझ्यासमोर चाललं होतं, आणि चोर हातात टॉर्क रेंच घेऊन उभा होता.

तिसऱ्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं, तुमच्या दारासकट.  तुम्ही त्यांना आठवत होतात. मग विषय मिटवत म्हणाले, "खलास. लड़का ठीक है. अगली बार पूरा वेल्डिंग करो." अगली बार! मुलाने प्लास्टरवर मित्रांच्या सह्या घेतल्यात आणि नवी पिकअप शोधायला सांगितलंय. कुणीच रागावलं नाही, अण्णा. मला कुणीतरी शर्ट काढायला लावायला हवा होता.

वेल्डर कामावर परत आलाय. पूर्वी मला उस्ताद म्हणायचा, आता सर म्हणतो. माझा ठिपका असला तरी तो जागा हातोडीने ठोकून बघतो, माझ्यासमोर. ते दार मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलंय. पार वाकलंय, पण वरची बिजागरी शाबूत आहे आणि तिच्यावर आपले दोन ठिपके शेजारी शेजारी आहेत. मी ते घरी नेलेलं नाही. हा कागदही कुठे जाणार नाही, घडी करून ऑइलपेंटच्या डबीखाली ठेवेन.

वेल्डर खोलीवर बसून होता ते दोन दिवस मी फार तळमळलो, अन्न गोड लागलं नाही, असं लिहायचं मनात होतं. दोन्ही दिवस मी पोटभर जेवलो, आणि दोन्ही रात्री मला गाढ झोप लागली.