झारा वाजला की समजलं

पेणकरपाडा, मीरा रोड
शनिवार, १४ मार्च २०२६

तीर्थरूप लवूदादास,

धाकट्या सुगंधाचा वाकून नमस्कार. आम्ही इथे मजेत आहोत. ह्यांची ड्युटी आता सकाळची झालीय, त्यामुळे घरात दोन माणसं एका वेळी जेवायला बसतात, हीच मोठी बातमी. वहिनीचा गुडघा कसा आहे? तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि वहिनीकडे निरोप दिला की त्यातला अर्धा चुलीत जातो, म्हणून कागद घेतला.

शिमग्याला आले नाही. कॉलेजचं कॅन्टीन सोडता येत नाही म्हणून कळवलं होतं. तेच समज.

आता खरी बातमी सांगते. दादा, तुझी बहीण कॉलेजात इंग्रजी शिकवते! हसू नको. चहा-वडे करता करताच शिकवते, पण शिकवते.

झालं असं. आधी इंग्रजीला एक सर होते. पुस्तकातली ओळ वाचायचे, हिंदीत अर्थ सांगायचे, पोरं लिहून घ्यायची. सगळी पास, आणि तोंड उघडायची वेळ आली की सगळी मुकी. ते रिटायर झाले आणि मिनल मॅडम आल्या. वय असेल तीसएक, अंगात वारं भरलेलं. जुलैत एक दिवस माझ्यापुढे येऊन उभ्या. म्हणाल्या, "मावशी, मला तुमच्यासारखंच माणूस पाहिजे."

"कसलं माणूस?"

"इंग्रजी न येणारं."

मी म्हटलं, अगं बाई, तेवढं एक माझ्याकडे भरपूर आहे, किती किलो देऊ?

त्यांचं म्हणणं असं, की वर्गात पोरं मॅडमशी इंग्रजी बोलतात ती खोटी-खोटी, कारण मॅडमला सगळं आधीच माहीत असतं. जिला काही कळत नाही तिला कळवायचं, म्हणजे खरं बोलणं. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते बारा माझ्या कॅन्टीनात तास. मराठी नाही, हिंदी नाही. हात-पाय हवे तेवढे हलवा. मला समजलं की मी झारा कढईवर वाजवायचा. नाही समजलं तर म्हणायचं, "वन्स मोअर." एवढंच माझं इंग्रजी, आणि काय ऐटीत म्हणायचे मी ते!

दादा, मजा बघायला पाहिजे होतीस तू. चौक गावचा नाथा म्हणून एक मुलगा आहे, त्याची बस वाटेत बंद पडली म्हणून उशीर झाला होता. शब्द तीनच येत होते त्याला. पण पठ्ठ्याने बाकड्यालाच बस केलं, दोघांना आत बसवलं आणि "पुश, पुश, नो पेट्रोल!" करत ते बाकडं दारापर्यंत ढकलत नेलं. मी झारा वाजवला. मॅडमने एक चूक काढली नाही. म्हणाल्या, मावशींना समजलं ना, मग पुढचा. उलट सिल्व्हर पार्कचा सार्थक, लहानपणापासून इंग्रजी शाळेतला, फाडफाड बोलतो. तो दहा मिनिटं बोलला, मला ढिम्म काही कळलं नाही. झारा गप्प. घाम फुटला त्याला. शेवटी पोटावर हात ठेवून म्हणाला, "मावशी, हंग्री!" तेव्हा कुठे वडा मिळाला. तेव्हापासून तो साधं बोलतो, आणि माणसासारखा वागतो.

सगळी बोलायला लागली, दादा. एकटी आपली सलोनी सोडून.

ती त्याच वर्गात. अकरा वाजले की सगळ्यात मागे, पाण्याच्या पिंपाआड. तुला माहीतच आहे, कॉलेजात तिने मला मावशी म्हणायचं आणि मी तिला ओळख द्यायची नाही, असं आमच्यात ठरलेलं. त्यावरूनच गणपतीत... असो. ते आता नको.

फेब्रुवारीत मिनल मॅडम मला म्हणाल्या, "मावशी, ती सलोनी गावडे कागदावर सुंदर लिहिते, पण तोंडी परीक्षेत बोलली नाही तर शून्य देतील. नापास होईल पोरगी. तुमच्या काउंटरवर येते का कधी?" मी म्हटलं, कोण हो सलोनी? दादा, पोटच्या पोरीला मी "कोण हो" म्हटलं. हात कणकेत होते म्हणून बरं, नाहीतर कुठे ठेवले असते कळत नाही.

घरी तिला विचारलं, का गं बोलत नाहीस? तर म्हणाली, "तुझ्यासमोर उभं राहून तुला मावशी म्हणायला मला जमत नाही, आई. कुठल्याच भाषेत." आणि भांडी घासायला गेली.

काल तोंडी परीक्षा झाली. परीक्षा माझ्याच कॅन्टीनात! युनिव्हर्सिटीच्या एक बाई आल्या होत्या, करड्या केसांच्या, नाकावर चष्मा. प्लास्टिकच्या खुर्चीत वही घेऊन बसल्या. प्रत्येकाने मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगायची आणि झारा वाजेपर्यंत सांगत राहायचं. नाथाने पापलेट ताजं कसं ओळखायचं ते सांगितलं, ते मला आधीच माहीत होतं पण मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मग सलोनी उभी राहिली. खालचा ओठ दातात धरलेला. सकाळी चहासुद्धा न पिता निघाली होती. तिच्या घशाला कोरड पडलीय हे मला ती उभी राहिली तेव्हाच दिसलं, आणि माझा हात आपोआप गेला. ठण्ण! झारा वाजवला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

बाईंनी चष्मा वर केला. "अहो, तिने अजून तोंडही उघडलं नाही! काय समजलं तुम्हाला?"

"उपाशी आहे ती. घसा सुकलाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

झाली पंचाईत. मी म्हटलं, "परीक्षेला सगळ्याच पोरांचं तसं असतं." दादा, अजूनसुद्धा मी खोटंच बोलले.

तेव्हा सलोनी पाणी प्यायली, ग्लास ठेवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मॅडम, शी इज माय मदर. शी इज चीटिंग फॉर मी."

वाटलं, आता सगळी पोरं वळून बघतील. तर बाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, "मग तुझी परीक्षा अवघड. आईला माहीत नाही असं काहीतरी सांग."

सलोनी माझ्याकडे वळली. "आई, एव्हरीबडी नोज. फर्स्ट वीक, आय टोल्ड एव्हरीबडी. दे कीप सिक्रेट. फॉर यू."

शब्द सुटे सुटे कळले, पण डोक्यात एकत्र बसेनात. म्हटलं, "वन्स मोअर." तिने सगळ्या वर्गाकडे हात फिरवला, ओठावर बोट ठेवलं, आणि माझ्याकडे दाखवलं. "माय मदर शाय. नॉट मी. आय ॲम प्राउड."

मी पोरांकडे बघितलं. सगळी खाली माना घालून हसतायत. नाथा म्हणाला, "आमाला काय ठावं न्हाय होतं व्हय, मावशी? म्हणूनच तर तिला तुमच्या हातचा पहिला वडा सोडायचो." आठ महिने, दादा! आठ महिने साठ पोरं मला लाज वाटू नये म्हणून नाटक करत होती, आणि मी समजत होते नाटक मी करतेय!

मी परत म्हटलं, "वन्स मोअर." खरं तर तेव्हा मला सगळं समजलं होतं. नुसतं ते "माय मदर" पुन्हा ऐकायचं होतं. ती पुन्हा म्हणाली. मग मी झारा असा हाणला, की तो निसटून पिठाच्या पातेल्यात पडला आणि बाईंच्या साडीवर बेसनाची नक्षी उठली. त्या तशाच टाळ्या वाजवत होत्या.

वीसपैकी सतरा मिळाले. तीन कापले, ते आईने आधीच झारा वाजवला म्हणून. ते माझे तीन. सलोनी म्हणते, तुझे तू भर.

तर दादा, आता ते सांगते जे मघापासून टाळतेय. गणपतीत तू ओसरीवर म्हणालास, "सुगंधा, पोरीला तुझी लाज नाही वाटत. तुला तुझीच वाटते." मी ताडकन उठले, वहिनीने वाढलेलं ताट तसंच ठेवलं आणि सकाळी तुझ्या पाया न पडता एसटीत बसले. म्हणून शिमग्याला आले नाही. कॅन्टीन दोन दिवस नाथाची आई सांभाळते म्हणाली होती. मीच नको म्हटलं. तू खरं बोललास, त्याचाच राग आला होता मला.

पाडव्याला आम्ही दोघी येतोय. वहिनीला सांग, ताट वाढून ठेव, यावेळी पुसून खाणार. आल्या आल्या तुझ्या पाया पडून मी एकच वाक्य बोलणार आहे. तुला ऐकू आलं नाही तर "वन्स मोअर" म्हण, मी तीनदा बोलेन, हातवारे करून बोलेन. समजलं की तांब्या वाजव.

तुझी बहीण, आणि पहिल्यांदाच कागदावर अशी सही करतेय,

सलोनीची आई
सुगंधा