ड्रमकॅराचे पंधरा जण

४ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा माघार! काल फुटबॉलच्या सामन्याला नऊच आले. आमच्या देशी फुटबॉलला पंधरा लागतात. पंचाने घड्याळ पाहिलं, शिट्टी फुंकली, आणि समोरचे चेंडूला पायही न लावता जिंकले. या मोसमातली ही दुसरी खेप. फुटबॉल असो की काठ्यांनी चेंडू हाणायचं हर्लिंग, तिसऱ्यांदा संघ उभा राहिला नाही की आमचा ड्रमकॅरा क्लब बंद. मग आमची पोरं लिसनामोच्या क्लबात जमा.

लिसनामो! नदीपलीकडचे ते! त्यांची पिवळी जर्सी आमच्या पोरांच्या अंगावर? डोंबल!

मॅलकी आमचा अध्यक्ष. धंद्याने खाटीक, आणि माझा थोरला भाऊ. संध्याकाळी दुकानाची फळी पुसत म्हणाला, "अ‍ॅटी, संपलं गं आता. मान्य कर." मी म्हटलं, "तू मटण काप. क्लब कापू नकोस." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, नाहीतर अजून ऐकवणार होते.

६ ऑगस्ट, बुधवार

क्लबाची यंदा शंभरी. इतिहासाचं पुस्तक काढायचंय आणि ते काम माझ्या गळ्यात. बाकी कुणाला सवड नाही म्हणे. मी काय, शाळेची बस चालवते, क्लबाची चिटणिसी करते, रिकामीच की!

आज पहिलं प्रकरण लिहिलं. एकोणीसशे पंचविसापर्यंत आम्ही आणि लिसनामोवाले एकच क्लब होतो. कप जिंकला, आणि तो कुणाच्या गावात ठेवायचा यावरून जुंपली. आमच्या लोहाराने कप घोंगडीत गुंडाळला आणि सरळ पूल ओलांडून घरी आणला. पुढच्या रविवारी आमचा वेगळा क्लब! मॅलकी म्हणतो, "हे छापू नकोस, शोभत नाही." नको कसं? पहिलं पान तेच!

१० ऑगस्ट, रविवार

लिसनामोचा अध्यक्ष कोलमन टूही दारात हजर. हातात बायकोने केलेला सफरचंदाचा टार्ट. हा माणूस तीस वर्षांत माझ्याशी धड बोलला नाही, आणि आज एवढं गोड?

"अ‍ॅट्रॅक्टाबाई, तुमची पोरं आमच्यात सुखात राहतील. आमचे तीन-तीन संघ आहेत. मैदानावर दिवे आहेत."

"आमच्याकडे सूर्य आहे," मी म्हटलं.

हसला. खुर्चीतून हलेना. "सप्टेंबरातल्या शेवटच्या सामन्यापर्यंत कशाला ताटकळायचं? आत्ताच एकत्रीकरणाच्या कागदावर सही करून टाका. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय." एवढी कसली घाई बाबा, विचारलं, तर नुसता चहा ढवळत बसला. चहा थंड होऊन गेला तरी ढवळतोच आहे.

सही केली नाही. टार्ट मात्र ठेवून घेतला. चांगला झाला होता, खोटं का बोला.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज सत्तावन्न सालचं लिहिलं. त्या वर्षी गाव इंग्लंडात होतं, रस्ते बांधायला. इकडे संघाला माणसं पुरेनात. मग काय, बर्मिंगहॅमहून बोटीने पोरं यायची, रविवारी दुसऱ्याच्या नावावर खेळायची आणि सोमवारी परत कामावर! एकदा तर गोलरक्षक ज्याच्या नावावर खेळला, त्याला ईस्टरलाच पुरलेलं. पंचाने नाव वाचलं, एकदा वर पाहिलं आणि शिट्टी मारली. त्यानेच शवपेटीला खांदा दिला होता.

असा आमचा क्लब. मेलेल्यांनाही खेळवलं, पण माघार घेतली नाही. आणि आता माझ्या हयातीत बंद पडू देऊ होय!

१६ ऑगस्ट, शनिवार

काहल नोकरीसाठी पर्थला गेला, कायमचा. आमचा सगळ्यात चपळ गडी. त्याची आई रडली. मला रडू आलं नाही, संताप आला. कुणावर ते कळेना.

२३ ऑगस्ट, शनिवार

सात सप्टेंबरला शेवटचा सामना. हर्लिंगचा. कुणाशी? लिसनामोशीच! घोडामैदान जवळच आहे.

काहल गेल्यावर, त्या दिवशी न आलेले धरून, खात्रीचे दहा उरले. पाच हवेत. सकाळपासून बस काढली आणि घराघरांत शिरले. बॉस्को सापडला. अंत्यविधीचं काम करतो, अठ्ठावन्न वर्षांचा, एके काळचा गोलरक्षक. म्हणाला, "उभा राहीन. धावायला सांगू नकोस." कीनांचे जुळे सापडले. ते कुंपणाच्या भांडणावरून एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून दोघांना वेगवेगळं विचारावं लागलं. मांसाच्या कारखान्यातला ब्राझीलचा थिआगो सापडला. त्याने काठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"याने माणसाला मारायचं?"

"चेंडूला," मी म्हटलं. "सहसा."

चौदा झाले. मग खाटकाच्या दुकानात गेले आणि मॅलकीला म्हटलं, "पंधरावा तू."

"मी सहासष्ट वर्षांचा आहे!"

"मग लवकर सरावाला लाग."

२८ ऑगस्ट, गुरुवार

सराव. कपाळ माझं! थिआगोने चेंडू असा हाणला की चर्चच्या छपरावर. मॅलकीची कंबर धरली. जुळे एकमेकांकडे चेंडू टाकत नाहीत.

जाताना मॅलकी कंबर दाबत म्हणाला, "हे कुणासाठी चाललंय अ‍ॅटी? पोरांसाठी, का तुझ्या हट्टासाठी?"

"क्लबासाठी!" मी ओरडले. सगळ्यांनी वळून पाहिलं. भाऊ आहे म्हणून सोडला, नाहीतर काठी माझ्याही हातात होती.

१ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुरू. बसमध्ये अकरा मुलं. मी चालवायला लागले तेव्हा पोरं दाराशी लोंबकळायची, पाठीमागून दप्तरं डोक्यात बसायची. आज आरशात पाहिलं तर मागच्या सगळ्या सीटा रिकाम्या. डोनलींची धाकटी एकटीच काठी मांडीवर घेऊन बसलेली. विचारलं, "काय गं, कुणाशी खेळतेस?"

"भिंतीशी," म्हणाली. "भिंत चांगली खेळते."

मी रेडिओ मोठा केला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

टूहीचा फोन. "अजून विचार करा बाई." केला, म्हटलं. रविवारी या, दाखवते!

७ सप्टेंबर, रविवार

कुठून सुरुवात करू!

दुपारी दारोदार बस फिरवली. पंधरा! बॉस्को काळ्या सूटमध्येच आला, सकाळी एकाला पोहोचवून. मॅलकीच्या पोटावरून जर्सी खाली येईना, दोघांनी ओढली. मी फाटकात कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. या म्हटलं, लिसनामोकरांनो! तुमच्या नाकावर टिच्चून उभे आहोत!

तीन गाड्या आल्या. मी मागच्या गाड्यांची वाट बघत राहिले. मागे कुणी नव्हतंच.

अकरा जण उतरले. शेवटचा टूही. सत्तरीचा माणूस, अर्ध्या चड्डीत, गुडघ्याला पट्टी.

"बाकीचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"सिडनीला. दोघं टोरांटोला." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमचे कुठे आहेत?"

"आणि तुमचे तीन संघ?"

"कागदावर आहेत."

अस्सं! म्हणजे टार्ट यासाठी, घाई यासाठी! आम्हाला गिळायला नव्हता आला मेला. स्वतःच बुडत होता आणि वर दिव्यांची ऐट! एवढा राग आला, एवढा राग आला, आणि त्याच्या त्या पट्टीकडे पाहिलं तर ओसरलाच.

पंचाने वेळ भरेपर्यंत थांबून शिट्टी मारली. न खेळताच ड्रमकॅरा विजयी. तिसरी माघार टळली. मॅलकी ओरडला, "अ‍ॅटी! वाचलो!"

कुणी टाळी वाजवली नाही. थिआगो शिरस्त्राण घालून मैदानाच्या मधोमध उभा. "खेळायचं नाही?" बॉस्को गोलातून बोंबलला, "अरे, वीस वर्षांनी काठी धरलीय! मला एक तरी चेंडू मारा रे कुणी!"

लिसनामोवाले गाड्यांकडे वळले होते. पोरं मान खाली घालून बूट सोडत होती. तशीच पोरं. कुणाच्याही बसमधली असती.

"ओ टूही!" मी हाक मारली. "कुठे निघालात? कपडे घालून आलात ना खेळायचे?"

सगळ्यांना उभं केलं आणि मिसळले. तेरा इकडे, तेरा तिकडे. दोन्हीकडे पिवळेही आणि आमचे हिरवेही. पंच म्हणाला, "बाई, हे नियमात नाही." म्हटलं, "नियमातलं झालं मघाशी. आता शिट्टी फुंका."

काय खेळले! शिव्या दोन्हीकडून सारख्याच. एका जुळ्याने दुसऱ्याला चेंडू दिला, चुकून असेल, पण दिला. टूहीने बॉस्कोला गोल मारला आणि बॉस्कोच त्याच्या गळ्यात पडला. मी कुणाच्या बाजूने ओरडायचं तेच कळेना, म्हणून सगळ्यांवर ओरडले. घसा पार बसलाय.

८ सप्टेंबर, सोमवार

क्लब वाचला. सगळं गाव अभिनंदन करतंय. मला एकाचंही ऐकवत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सभा झाली. दोन्ही क्लब एक करायचा ठराव मांडला गेला. मांडला कुणी? मी! मॅलकीच्या हातातला चहा सांडला. पहिला हात माझाच वर गेला. घरी येऊन पोटभर रडले. आत्ता टूहीचा फोन होता, नव्या क्लबाच्या नावात लिसनामो आधी येईल म्हणतो. आधी? बघतेच कसं येतं ते!